कर, निर्वासित आणि शांतता : सभागृहातले आंबेडकर

आजचा विषय पहिल्या ऐकण्यात थोडा रूक्ष वाटेल. शेतसारा, निर्वासित आणि परराष्ट्रधोरण. बाबासाहेबांवर व्याख्यान म्हटले की महाड, पुणे करार, घटना आणि नागपूरची धम्मदीक्षा ही स्थानके ठरलेली असतात, गाडी तिथे थांबते आणि पुढे जाते. पण १९२७ पासून १९५६ पर्यंत, अधूनमधून खंड पडला तरी, हा माणूस कुठल्या ना कुठल्या सभागृहाशी बांधलेला होता. मुंबईचे विधिमंडळ, व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, घटना समिती, हंगामी संसद, शेवटी राज्यसभा. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या, वसंत मून यांनी संपादिलेल्या इंग्रजी खंडांमध्ये ही भाषणे आहेत. जाडजूड खंड आहेत. कपाटात पुष्कळांच्या आहेत, वाचलेले थोड्यांचे आहेत.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला सवय अशी, की माणूस काय म्हणाला याच्या आधी तो कोणता प्रश्न विचारत होता ते शोधायचे. शेतसारा, निर्वासित आणि शेजारी देशाशी शांतता या तीन विषयांवर बाबासाहेब बोलतात तेव्हा त्यांचा प्रश्न एकच आहे, असे आमचे म्हणणे आहे. याची किंमत शेवटी कोण मोजतो, आणि त्याला ती झेपते का? हा प्रश्न ते कसा लावून धरतात, हे आज पाहू. आणि एका ठिकाणी तो त्यांच्या हातून निसटतो, तेही पाहू. निसटतो असे म्हणायला आपण कचरतो, कारण आपल्याकडे चिकित्सा केली की भक्ती कमी पडली असे मानतात. ज्याने जन्मभर चिकित्सा केली त्याच्या वाट्याला तरी ही रीत येऊ नये.

आता पहिला विषय. २४ फेब्रुवारी १९२७. मुंबई विधिमंडळात नुकतेच नियुक्त झालेले पस्तीस वर्षांचे डॉक्टर आंबेडकर अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहतात. पार्श्वभूमी अशी, की १९१९च्या सुधारणांनंतर प्राप्तिकर गेला केंद्राकडे आणि जमीन महसूल राहिला प्रांताकडे. म्हणजे प्रांताच्या तिजोरीचा मोठा भार दोन खांबांवर. एक शेतसारा आणि दुसरा दारूवरची अबकारी.

बाबासाहेबांचा आक्षेप साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच त्याला उत्तर देणे अवघड आहे. प्राप्तिकर कसा घेतात? वर्ष संपले, उत्पन्न किती झाले ते पाहिले, ठराविक मर्यादेखाली असेल तर माफ. त्या काळी ही मर्यादा होती वर्षाला २००० रुपये. जास्त उत्पन्न असेल तर दरही चढता. आणि शेतसारा कसा घेतात? जमिनीच्या प्रतीवर आकारणी ठरलेली. पीक आले तरी द्या, बुडाले तरी द्या. एक एकराचा धनी आणि शेकडो एकरांचा जहागीरदार, दोघांना दर एकच. जो कर माणसाची ऐपत विचारत नाही तो न्याय्य कसा? त्यांच्या म्हणण्याचा सारांश हा.

हे म्हणणे हवेतून आले नव्हते. कोलंबियात त्यांचे गुरू होते एडविन सेलिग्मन. चढत्या दराच्या करआकारणीवर ज्यांचा ग्रंथ त्या काळी प्रमाण मानला जाई, ते सेलिग्मन. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा स्वतःचा ग्रंथ १९२५ साली निघाला होता. म्हणजे सभागृहात त्या दिवशी बोलणारा माणूस या विषयातला तज्ज्ञ होता. पण भाषणात पांडित्य दिसत नाही. दोन कर शेजारी शेजारी मांडायचे आणि विचारायचे, की बाबांनो, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का?

सरकारपक्षाचे जुने उत्तर असे, की शेतसारा हा कर नव्हेच, तो खंड आहे. जमीन सरकारची, रयत तिची कुळे. आता बघा, हा वाद शब्दांचा दिसतो, पण नाव बदलले की न्यायाची कसोटी बदलते. खंड म्हटले की मालकाने ऐपत विचारायचे कारण उरत नाही. कर म्हटले की उरते. एकोणिसाव्या शतकात महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा हाच सारा शेतकऱ्याच्या घरात शिरून काय करतो ते दाखवले. बाबासाहेबांनी तोच मुद्दा अर्थशास्त्राच्या भाषेत सभागृहात आणला. दुसऱ्याच वर्षी याच मुंबई इलाख्यात बारडोली पेटली, तीही साऱ्याच्या वाढीवरून.

इथे टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्यांच्याकडे वहीखाते नाही अशा लाखो खातेदारांचे उत्पन्न दरवर्षी मोजायचे कसे, ही प्रशासनाची अडचण खरी होती. अंदाजपत्रकावरच्या एका भाषणात तिचे पूर्ण उत्तर मावणारे नव्हते. पण अडचण खरी आहे म्हणून अन्याय न्याय होत नाही. आकारणी सोपी जावी म्हणून गरिबाने जास्त भरावे, असे कुणी उघड म्हणत नाही. व्यवस्था मात्र तसेच म्हणत असते.

आज या भाषणाचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला जातो. कुणी म्हणतो, बघा, शेतकऱ्यावर करच नको असे बाबासाहेब सांगून गेले. तसे ते म्हणालेले नाहीत. त्यांची मागणी होती ऐपतीच्या तत्त्वाची. आणि हे तत्त्व दुधारी आहे. ते एक एकरवाल्याला सोडवते आणि जहागीरदाराला पकडते. आपल्या घटनेने शेती-उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत ठेवला. केंद्राचा प्राप्तिकर या उत्पन्नाला लागत नाही. १९७२ साली के. एन. राज समितीने मोठ्या धारणांवर चढत्या दराने कृषी धारणा कर सुचवला, तो काही रुजला नाही. म्हणजे १९२७ साली एक एकरवाला आणि जहागीरदार एका दराने भरत होते, आज दोघे एकाच माफीत बसलेले आहेत. ऐपत त्या काळीही कुणी विचारली नाही आणि आजही विचारत नाही. मोठ्या बागायतदाराच्या माफीसाठी कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव पुढे करायचे, ही तर आपल्या राजकारणातली जुनी कला आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लहान धारणांविषयीचे विधेयक सभागृहात आले. तुकडे एकत्र करायचे, शेती किफायतशीर करायची, असा सरकारचा हेतू. ऐकायला उत्तम. बाबासाहेबांनी विरोध केला. लहान धारणांवर त्यांचा १९१८ सालचा निबंध होताच. धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात यावर ठरते, हे त्यांचे मूळ सूत्र. तुकडा विकायला लावून तुम्ही ज्याला जमिनीवरून उठवाल तो जाणार कुठे? त्यापेक्षा मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवा आणि कसणे सहकाराने करा, असा त्यांचा पर्याय. आमच्या मते त्यांच्या भाषणांत विस्थापित माणूस पहिल्यांदा दिसतो तो इथे, फाळणीच्या वीस वर्षे आधी. कागदावर सुधारणा होते आणि एक माणूस शेतातून उठतो.

मग खोती. रत्नागिरीत आणि कुलाबा-ठाण्याच्या काही भागांत खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. मधल्या मधे काय काय वसूल व्हायचे ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षे जमीन कसायचे नाकारले होते. १७ सप्टेंबर १९३७ला बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाईची तरतूद होती, हे लक्षात ठेवा. १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. विधेयक काही मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

भरपाईचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ज्याच्याकडून काढून घ्यायचे त्याचेही नुकसान हिशेबात धरायचे, अशी या माणसाची शिस्त होती. ही शिस्त पुढे आपल्याला लागणार आहे.

आता दुसरा विषय, निर्वासित. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणी झाली, तो भाग पाकिस्तानात गेला, आणि १९४७च्या जुलैत बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडले गेले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, बाबासाहेब भारताचे. ऑक्टोबर १९५०मध्ये मंडल राजीनामा देऊन भारतात आले. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनीही राजीनामा दिला. कारणे निराळी, पण पूर्व बंगालमधल्या माणसांचे काय, हा प्रश्न दोन्ही राजीनाम्यांत आहे.

१८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी नेहरूंना एक पत्र लिहिले. हे सभागृहातले भाषण नव्हे, पण त्यांच्या सगळ्या भाषणांची किल्ली त्यात आहे असे आम्हाला वाटते. पाकिस्तानातले अस्पृश्य भारतात येऊ पाहत होते आणि त्यांना येऊ देत नव्हते. का? तर ते गेले तर सफाई कोण करणार? सिंधमध्ये त्यांचे काम ‘आवश्यक सेवा’ ठरवले गेले होते. सवर्ण हिंदू जाऊ शकत होता, भंगी जाऊ शकत नव्हता. आणि जे कसेबसे इकडे पोचले त्यांची इकडची कथा काय? छावण्यांतल्या मदतीत भेदभाव, पूर्व पंजाबात जमीनवाटपात डावलणे. १९००च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जाती’ ठरवून दिल्या होत्या, त्यांत अस्पृश्य नव्हते. जो जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला तो कागदावर शेतकरी नव्हता.

‘निर्वासित’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. सगळे सारखेच बेघर झाले, असे त्यात गृहीत असते. बाबासाहेबांनी त्या शब्दाचे पदर वेगळे केले. निघता येणे हीसुद्धा एक ऐपत आहे, आणि पोचल्यावर काही मिळणे हीसुद्धा. ती सगळ्यांना सारखी मिळालेली नसते. १९२७ साली ‘करदाता’ हा शब्द त्यांनी असाच फोडून दाखवला होता.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. कल्याणची लष्करी छावणी सिंधी निर्वासितांना मिळाली आणि तिचे उल्हासनगर झाले. तिथल्या माणसांनी अपार कष्ट केले, त्याबद्दल दुमत नाही. पण शेजारी मुंबईची बाजारपेठ होती. पूर्व बंगालमधून उशिरा आलेल्या कितीतरी नामशूद्र कुटुंबांना दंडकारण्यात पाठवले गेले. आपल्या गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वसाहती आहेत, त्या अशाच आलेल्यांच्या. १९७९ साली दंडकारण्य सोडून सुंदरबनात मरीचझापी बेटावर गेलेल्यांचे काय झाले, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी जरूर वाचावे. निर्वासितांमध्येही एक गावकुसाबाहेरची वस्ती असते, हे बाबासाहेबांना १९४७च्या डिसेंबरातच दिसले होते.

तिसरा विषय, शेजाऱ्याशी शांतता. ऑक्टोबर १९५१मध्ये त्यांनी राजीनाम्याचे निवेदन प्रसिद्ध केले. आपल्याला त्यातले हिंदू कोड बिल आठवते. परराष्ट्रधोरणाचा भाग आपण वाचत नाही. तिथे ते सरळ आकडे मांडतात. वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. निम्म्याहून अधिक. मग विचारतात, हा खर्च कशापायी? आपल्याला मित्र नाहीत म्हणून. आणि पाकिस्तानशी भांडण कशावरून? काश्मीर आणि पूर्व बंगालमधली आपली माणसे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाची काळजी आपण अधिक करायला हवी होती, आणि आपण मात्र सगळे लक्ष काश्मीरवर लावले, असा त्यांचा रोख आहे.

बघा, पुन्हा तोच प्रश्न. शांतता हा त्यांच्या लेखी सद्‌भावनेचा विषय नाही, अंदाजपत्रकातले कलम आहे. सैन्यावर गेलेला रुपया कुणाच्या तरी भाकरीतून जातो. शांतता ही गरिबाची निकड आहे, हे इतक्या कोरड्या आकड्यांत मांडणारी भाषणे थोडी.

आणि इथेच आमची हरकत सुरू होते.

काश्मीरवर त्यांनी सुचवलेला मार्ग असा. फाळणी करा. हिंदू आणि बौद्ध भाग भारताला, मुस्लिम भाग पाकिस्तानला. किंवा तीन भाग करा, युद्धबंदी रेषेपलीकडचा, खोरे, आणि जम्मू-लडाख, आणि सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या. या दोन पर्यायांत मोठा फरक आहे. दुसऱ्यात निदान खोऱ्यातल्या माणसाला विचारलेले आहे. पहिल्यात कुणालाच विचारलेले नाही. धर्म पाहिला आणि रेषा ओढली.

याचे मूळ १९४०च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी १९२३च्या करारानंतर लोकसंख्येची अदलाबदल केली. टिकाऊ शांततेसाठी तसा विचार व्हावा, असे त्यांनी तिथे मांडले. न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे, की सक्तीची अदलाबदल त्यांना मान्य नव्हती. ज्याला जायचे आहे त्याला अडथळ्याशिवाय आणि नुकसानीशिवाय जाता यावे, अशी त्यांची अट होती. बाबासाहेबांना ‘अदलाबदलीचे पुरस्कर्ते’ म्हणून आपल्या सोयीने वापरणारे लोक ही अट गाळतात. तो लबाडीचा भाग झाला.

पण अट ठेवूनही प्रश्न उरतो. अडथळ्याशिवाय आणि नुकसानीशिवाय कोण जाऊ शकतो? ज्याच्याकडे विकायला काही आहे, पलीकडे ओळख आहे, हातात दोन पैसे आहेत तो. झाडूवाला जाऊ शकत नाही, त्याला अडवतात. भूमिहीन जाऊ शकतो, पण पोचल्यावर त्याला जमीन मिळत नाही, कारण सोडून आलेली जमीन दाखवायला त्याच्याकडे नसते. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. १८ डिसेंबर १९४७चे पत्र हेच सांगते. १९४०च्या योजनेला सगळ्यांत समर्थ उत्तर खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

आमच्या मते घडले ते असे. शेतसाऱ्याविषयी बोलताना त्यांच्या हिशेबाचे एकक आहे एक माणूस, एक एकरवाला. निर्वासितांविषयी बोलतानाही एक माणूस, रोखून धरलेला भंगी. शांततेविषयी बोलताना मात्र एकक बदलते. तिथे हिशेब जमातींचा आणि प्रदेशांचा होतो. आणि जमात हे एकक धरले की तिच्या आतला शेवटचा माणूस दिसेनासा होतो. जातीच्या आत किती उतरंड असते हे ज्यांनी आपल्याला शिकवले, त्यांच्याच मांडणीत ही फट राहिली. फाळणीच्या काळातले हिंसेचे वास्तव आणि अस्पृश्यांना सुरक्षित ठेवण्याची घाई यांनी तो विचार घडला असेल, हे आम्ही मान्य करतो. मूळ कसोटी मात्र त्यामुळे सैल होत नाही.

२६ ऑगस्ट १९५४चे राज्यसभेतले भाषणही याच तागडीत घालून पाहू. पंचशीलावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या करारात आपण तिबेट हा चीनचा प्रदेश मानला, याचा धोका त्यांनी बोलून दाखवला. १९६२ने त्यांची शंका खरी ठरवली, हे प्रामाणिकपणे मान्य करू. पण पाश्चात्त्य देशांच्या आग्नेय आशियातल्या कराराकडे त्यांनी ज्या अनुकूलतेने पाहिले, तिथे किमतीचा हिशेब अपुरा आहे. त्या करारावर काही दिवसांतच पाकिस्तानने सही केली. मोठे मित्र मिळाले म्हणून पाकिस्तानच्या गरिबावरचा लष्कराचा भार उतरला का? तिथला पुढचा इतिहास तसे म्हणत नाही. मित्रांची पण किंमत असते, आणि तीही कुणीतरी भरतोच.

मग या भाषणांचे मोल कमी झाले का? मुळीच नाही. विचारवंताची कसोटी इतकी भक्कम, की तिच्यावर त्याचे स्वतःचे निष्कर्षही घासून पाहता येतात, हे फार थोड्यांच्या बाबतीत घडते. बाबासाहेबांनी आपल्याला निष्कर्ष दिले, आणि ते तपासायचे हत्यारही दिले. निष्कर्षांची जयंती साजरी करता येते. हत्यार वापरावे लागते.

वापरायला आज प्रसंग कमी नाहीत. शेतीच्या करमाफीचा वाद निघाला की विचारा, माफी कुणाच्या नावाने मागितली जाते आणि कुणाच्या खात्यात जाते? धरणासाठी, महामार्गासाठी माणसे उठवली जातात तेव्हा भरपाईच्या यादीत सातबारावाला असतो. त्याच शेतात मजुरी करणारा असतो का? आणि सीमेवर तणाव वाढला, टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला, की शांतपणे अंदाजपत्रक उघडा आणि बघा, हे कुणाच्या ताटातून जाणार आहे.

सभागृहात असा प्रश्न विचारणारा एक जरी माणूस असला तरी सभागृहाला अर्थ असतो. १९२७ साली मुंबईच्या सभागृहात तो होता. आपण ज्यांना निवडून पाठवतो त्यांच्यात तो आहे का, हे बघायचे काम आपले.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि हरकती असतील तर आधी त्या विचारा.